समीकरण शिकवताना: ‘बरोबर’च्या दोन्ही बाजू

फळ्यावर एकच ओळ आहे: ९ + ६ = □ + ४. चौकटीत किती?

बरीच मुलं बेधडक १५ लिहितात. काही जण दिसेल ते सगळं मिळवून १९ करतात. उत्तर आहे ११. बेरीज यात कुणाचीच चुकलेली नाही, चुकतंय ते मधलं चिन्ह. पहिलीपासून ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असंच वळण पडलेलं असतं. म्हणून पुढे वहीत २० − ५ = १५ ÷ ३ = ५ अशी आगगाडीही दिसते. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली हे चिन्ह पुस्तकात वापरलं, तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषा घेतल्या. याहून समान काय असणार, असं त्यांचं म्हणणं. क्ष आणण्याआधी एखाददुसरा तास नुसत्या चौकटींवर घालवला तरी तो वाया जात नाही.

आता ३क्ष + ५ = २०. मुलांना हे आधी बोलून दाखवायला सांगा: एका संख्येची तिप्पट केली, त्यात पाच मिळवले, वीस झाले. सोडवताना उलट्या क्रमानं मागे यायचं. शेवटी मिळवलेले पाच आधी काढायचे, दोन्ही बाजूंतून. उरलं ३क्ष = १५. मग दोन्ही बाजूंना तीननं भागायचं. क्ष = ५. आधी भागलं तर? चालतं की! पण मग त्या पाचालाही तीननं भागावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

ताळा करताना ३क्ष चे पंधराऐवजी पस्तीस झाले, तर गुणाकार लक्षात आलेला नाही. सुरुवातीला ३ × क्ष असंच लिहून घ्यावं.

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हा शॉर्टकट फार लवकर सांगितला जातो. मग ३क्ष = १५ मधला तीन पलीकडे जातो आणि वहीत येतं क्ष = १५ − ३. किंवा मूल भागतं, पण उणे तीननं. बिचाऱ्यानं नियम इमानेइतबारे पाळलाय! प्रत्येक पायरीखाली दोन्हीकडे ‘− ५’, ‘÷ ३’ लिहायला लावलं की वेळ जातो, पान भरतं. पण काय केलं ते दिसतं.

समीकरण म्हणजे तराजू आणि दोन बाजू म्हणजे त्याची दोन पारडी, हे चित्र इथवर छान चालतं. ७ − २क्ष = १ आलं की ते बाजूला ठेवावं, पारड्यात उणे वजन ठेवता येत नाही. दोन्हीकडून सात वजा केले की −२क्ष = −६. इथे डावीकडचं उणे हमखास गळतं आणि क्ष = −३ येतो. ताळ्यात ते लगेच सापडतं: ७ + ६ म्हणजे १३, आणि हवा होता १.

क्ष दोन्हीकडे असेल, जसं ५क्ष − ४ = २क्ष + ११, तर मागे येण्याची युक्ती पुरत नाही. आधी दोन्हीकडून २क्ष काढा: ३क्ष − ४ = ११. पुढचं ओळखीचं, क्ष = ५. ताळा मात्र पहिल्या ओळीतच घ्यायचा. मधल्या पायरीत घेतला, तर त्याआधी झालेली चूक तशीच सुटते. डावी बाजू २५ − ४, उजवी १० + ११. दोन्ही वेगवेगळ्या काढायच्या: २१ आणि २१.