रक्त काँगोचं, शोध कुणाचा?

(दृश्य : काँगोचा नकाशा. राजधानी किन्शासा, तिथून दूर उत्तरेला यांबुकू.)

सप्टेंबर १९७६. देशाचं तेव्हाचं नाव झैर. यांबुकूच्या मिशन हॉस्पिटलात तापानं माणसं पटापट दगावत होती. सरकारनं किन्शासाहून ज्याँ-जाक मुयेंबे यांना तिकडे धाडलं. वय ३४, बेल्जियमहून विषाणूशास्त्र शिकून परतलेले. हातमोजे नव्हते. त्यांनी उघड्या हातांनी रुग्णांचं रक्त काढलं. सुई काढली तरी रक्त थांबेना, बोटं माखली. हात धुवायला साबण आणि पाणी, बस्स.

तिथल्या एका आजारी बेल्जियन ननला समजावून ते किन्शासाला घेऊन आले. काही दिवसांत ती गेली. विषाणू वेगळा काढायची सोय किन्शासात नव्हती, म्हणून तिचं रक्त थर्मासमध्ये घालून प्रवासी विमानानं बेल्जियमला, अँटवर्पला गेलं. दोन कुप्यांपैकी एक वाटेतच फुटली. पुढे नमुने अमेरिकेत अटलांटाला पोचले आणि विषाणू नवा असल्याचं नक्की झालं. तोच इबोला.

अँटवर्पच्या प्रयोगशाळेत पीटर पिऑट हे तरुण संशोधक होते. ते स्वतः यांबुकूला गेले, जीव धोक्यात घालून राबले. त्यांचं मोल कमी करायचं कारण नाही. पण नंतर कितीतरी वर्षं इबोलाच्या शोधाची गोष्ट सांगितली जायची ती त्या थर्मासपासून. रुग्णाच्या उशाशी बसून रक्त काढणारा डॉक्टर त्यात बहुधा नसायचाच.

यासाठी कुणाला कट करावा लागला नाही, हे मला जास्त अस्वस्थ करतं. जिथे प्रयोगशाळा, तिथे नमुने जाणार. नमुने ज्यांच्याकडे, शोधनिबंध त्यांचा. निबंध ज्यांचा, पुढचा निधीही त्यांनाच. मग नवी प्रयोगशाळा पुन्हा तिथेच उभी राहणार.

(दृश्य : किकवित शहर, हॉस्पिटलचं आवार.)

१९९५. किकवितमध्ये इबोलाची मोठी साथ. मुयेंबे आणि सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्यांचं रक्त आठ रुग्णांना चढवलं. सात वाचले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून परदेशी शास्त्रज्ञांना हे पटेना. शंका शास्त्राला धरूनच होती. पण मग नीट चाचणी तरी करायला हवी होती, आणि तीही लवकर झाली नाही.

२००६ मध्ये किकवितच्याच एका वाचलेल्या रुग्णाचं रक्त घेतलं गेलं. त्यातून अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळांत विषाणूला रोखणारं एक प्रतिपिंड (अँटीबॉडी) वेगळं काढलं, एमएबी-११४.

नोव्हेंबर २०१८ मध्ये, पूर्व काँगोत साथ आणि सशस्त्र संघर्ष दोन्ही चालू असताना, एमएबी-११४ धरून चार औषधांची चाचणी सुरू झाली. एकूण ६८१ रुग्ण. या वेळी मुयेंबे यांची किन्शासातली राष्ट्रीय जैववैद्यकीय संशोधन संस्था अमेरिकी संस्थेच्या बरोबरीनं चाचणी चालवत होती. निकाल इतका स्पष्ट आला की ऑगस्ट २०१९ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली. आधीचं झीमॅप हे औषध मिळालेल्यांपैकी निम्मे दगावले, एमएबी-११४ मिळालेल्यांत ते प्रमाण ३५ टक्के होतं. निबंधावर पहिलं नाव होतं साबुए मुलांगू यांचं, म्हणजे किन्शासाच्याच संस्थेतल्या संशोधकाचं.

त्याच साथीत मुयेंबे यांनी ठणकावून सांगितलं, रक्ताचे नमुने काँगोतच राहतील. अभ्यास करायचाय? इथे या, आमच्या लोकांबरोबर करा. परदेशी सहकाऱ्यांपैकी काहींना हे रुचलं नाही. मला मात्र ही अट अगदी रास्त वाटते. नमुना हातात असला तरच करारावर बोलता येतं, आणि तरुण संशोधकाला आपल्याच देशात काम मिळतं.

पण एका गोष्टीला ही अट पुरली नाही. डिसेंबर २०२० मध्ये एमएबी-११४ ला अमेरिकेत मान्यता मिळाली. औषधाचे हक्क एका अमेरिकी कंपनीकडे आहेत. काँगोत इबोलाची पुढची साथ येईल तेव्हा किती कुप्या पोचतील, हे ठरवणं किन्शासाच्या एकटीच्या हातात नाही.