आनंद यांचा मेरान डाव

श्रोतेहो, नमस्कार. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या गोव्यातील हडफड्याला बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा झाली आणि तिच्या चषकाला विश्वनाथन आनंद यांचे नाव देण्यात आले. ज्या मुलांनी तेव्हापासून घरी पट मांडला आहे, त्यांच्यासाठी आज मी आनंद यांचाच एक डाव निवडला आहे. शक्य असल्यास पट समोर घ्यावा.

जानेवारी २०१३, नेदरलँड्समधील वाइक आन झी. पांढरी मोहरी लेव्हॉन अरोनियन यांच्याकडे होती. काळी मोहरी घेतलेल्या आनंद यांनी सेमी-स्लाव्ह बचावातील मेरान प्रकार, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा एक ठरलेला क्रम, स्वीकारला. या प्रकारात दोन्ही बाजू लवकरच एकमेकांच्या राजावर चालून जातात, म्हणून तो घरी बारकाईने अभ्यासल्याशिवाय खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आनंद यांचा अभ्यास तर २०१२ च्या गेल्फंडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी झालेला होता.

तेराव्या चालीत अरोनियन यांच्या घोड्याने एच७ वरचे, म्हणजे एच या उभ्या रांगेतील सातव्या घरातले, प्यादे घेतले आणि एफ८ वरच्या हत्तीवर नेम धरला. आनंद यांनी हत्ती वाचवलाच नाही. त्यांनी घोडा जी४ वर नेला, मग उंट सी५ वर ठेवला, आणि सोळाव्या चालीत दुसरा घोडा ई५ वर आणला, जिथे तो दोन प्याद्यांच्या तोंडी होता. एफ-प्याद्याने तो घेतला असता, तर काळा वजीर डी४ वर शह देतो, राजा कोपऱ्यात सरकताच तोच वजीर जी१ वर बळी जातो, पांढऱ्या हत्तीला तो घ्यावाच लागतो, आणि जी४ चा घोडा एफ२ वर येऊन मात करतो. राजाच्या भोवतीची सगळी घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली असतात.

मला मात्र त्याहून एकोणिसावी चाल मोलाची वाटते. पांढऱ्या घोड्याने एफ८ चा हत्ती खाल्ला होता, तो घोडा लगेच परत घेता येत होता, तरीही आनंद यांनी शांतपणे एफ५ हे प्यादे पुढे टाकून जी४ च्या घोड्याला भक्कम आधार दिला. हल्ला चालू असताना वसुलीची घाई न करणे फार थोड्यांना जमते.

तेविसाव्या चालीत काळा उंट ई३ वर आला आणि अरोनियन यांनी डाव सोडला. १९०७ मध्ये लॉड्झ येथे रोटलेवीविरुद्ध रुबिनस्टाईन यांनी असेच दोन्ही उंट राजाकडे रोखून आणि घोडा जी४ वर ठेवून डाव जिंकला होता. तो डावही याच पटावर मांडून पाहावा.