लेझरची ठिणगी आणि चंद्रावरचं गंधक

नमस्कार! २८ ऑगस्ट २०२३ ला इस्रोनं जाहीर केलं, की चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक आहे. प्रज्ञान रोव्हरनं त्यासाठी माती उचलली नाही, कुठल्या भट्टीत घातली नाही. तिच्यावर लेझर मारला आणि उडालेल्या ठिणगीचा उजेड तपासला. या तंत्राला लिब्स म्हणतात. बातम्यांत कौतुक झालं ते लेझरचं. मला बोलायचंय ठिणगीबद्दल.

गॅसवर मिठाचं पाणी उतू गेलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, पाहिलंय ना? तो सोडियमचा रंग, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. प्रत्येक मूलद्रव्याचे रंग असे ठरलेले असतात. पण दगडातलं टायटॅनियम गॅसच्या ज्योतीला दाद देत नाही. तिथे हजारो अंश तापमान हवं.

मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरचं केमकॅम हे लिब्स उपकरण घ्या. त्याच्या लेझरच्या एका पल्समध्ये, म्हणजे एका क्षणिक झोतात, जेमतेम १४ मिलिजूल ऊर्जा असते. पण ती ५ नॅनोसेकंदांत, अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर पडते. म्हणजे तेवढ्या क्षणापुरती दहा लाख वॅटपेक्षा जास्त शक्ती! दगडाची वाफ होते, अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि हे सुटे इलेक्ट्रॉन उरलेला लेझर शोषून आणखी तापतात. हा झाला प्लाझ्मा, म्हणजेच आपली ठिणगी. प्रयोगशाळेत तो निळसर-पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, आणि सोबत ‘टक्’ असा आवाज येतो. पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या मायक्रोफोननं २०२१ मध्ये हा आवाज थेट मंगळावर टिपला.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. (स्क्रीनवर आलेख)

पेटल्या पेटल्या प्लाझ्मा नुसता पांढराफटक असतो. आयनांजवळून, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंजवळून, धावणारे इलेक्ट्रॉन सगळ्याच तरंगलांबींचा प्रकाश फेकत असतात, त्यामुळे त्यात काहीच वाचता येत नाही. हवेतल्या प्रयोगात साधारण एक मायक्रोसेकंद थांबावं लागतं. प्लाझ्मा फुगतो, निवतो, पांढरा उजेड ओसरतो आणि मग बारीक रेषा वर येतात. ही बघा कॅल्शियमची, ३९३.४ नॅनोमीटरवर. ही हायड्रोजनची, ६५६.३ वर. डिटेक्टर फार उशिरा उघडला, तर या रेषाही विझलेल्या असतात.

आणि चंद्रावर तर हवाच नाही. प्लाझ्माला आवरून धरायला काही नाही, म्हणून तो झपाट्यानं पसरतो, फिकट पडतो, लवकर संपतो. मंगळाचं विरळ वातावरण त्या मानानं सोयीचं. त्यात भर म्हणजे गंधकाच्या ठळक रेषा दूर अतिनील टोकाला, दृश्य प्रकाशातल्या मुळातच क्षीण. इस्रोच्या बंगळुरूतल्या लिओस प्रयोगशाळेत घडवलेल्या प्रज्ञानवरच्या त्या छोट्या उपकरणानं एवढ्या फिक्या उजेडातून गंधक ओळखलं, ॲल्युमिनियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम ओळखलं. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

इस्रोनं तो वर्णपट प्रसिद्ध केलाय, नक्की बघा. आडव्या अक्षावर तरंगलांबी आहे, उभ्या अक्षावर तीव्रता. आधी गंधकाचं शिखर शोधा, आणि ते शेजारच्या शिखरांपुढे किती बुटकं आहे ते बघा.