डॉक्टरांची चिठ्ठी आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका

नमस्कार, श्रोते हो.

आज मी बोलणार आहे ती मुख्यतः डी. फार्म, म्हणजे फार्मसीची पदविका करणाऱ्या मुलामुलींशी. पण त्यांच्या घरच्यांनीही ऐकावं, कारण परीक्षेचे ते महिने सगळ्या घरालाच काढावे लागतात. मी फार्मासिस्ट आहे. माझं बरंचसं आयुष्य औषधांच्या काउंटरमागे गेलं, आणि प्रशिक्षणाला आलेली पोरं माझ्या शेजारी उभी राहून शिकली. त्यांची तयारी कुठे चांगली होते आणि कुठे अडते, हे मी जवळून पाहिलंय.

आपल्या गोव्यात या विद्येची परंपरा फार जुनी. पणजीचं गोवा कॉलेज ऑफ फार्मसी आपली सुरुवात १८४२ सालच्या वैद्यकीय शाळेपासून सांगतं. फर्मागुडीला कॉलेज आहे, आणि सीमेपलीकडे सिंधुदुर्गात, बेळगावात शिकायला जाणारी पेडणे-डिचोलीकडची मुलंही आहेत. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि त्यानंतर किमान तीन महिन्यांत पुरं करायचं ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. पूर्वी एवढं झालं की फार्मासिस्ट म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता यायचा. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०२२ मध्ये नोंदणीआधी द्यायच्या एक्झिट परीक्षेची नियमावली आणली. बहुपर्यायी प्रश्नांचे तीन पेपर, प्रत्येक पेपरमध्ये स्वतंत्रपणे किमान ५० टक्के, आणि तेही एकाच बैठकीत. एका पेपरमधले जास्तीचे गुण दुसऱ्याला उसने मिळत नाहीत. कितीदा बसावं यावर मर्यादा नाही. तारखा आणि अर्जाचं मात्र अधिकृत सूचनेतच पाहा, मित्रांच्या व्हॉट्सॲपवरून ठरवू नका.

आता तयारीचं. बहुतेक मुलं पहिल्या दिवशी बाजारातून सोडवलेल्या प्रश्नांचं जाडजूड गाईड आणतात आणि पाठांतराला बसतात. शेवटच्या महिन्यात ते गाईड हाताशी असू द्या, माझी हरकत नाही. पण त्याने सुरुवात करू नका. पर्याय पाठ झाले की आपल्याला विषय येतो असं वाटायला लागतं. मग तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की हात थांबतो.

सुरुवात करा हिशेबाने. हो, गणिताने. बारावीला जीवशास्त्र घेऊन आलेली मुलं गणिताला घाबरतात आणि तो भाग मागे टाकतात. मी उलट सांगते. आधी तोच, कारण तो पक्का झाला की बाकीच्या विषयांतले आकडेही समजायला लागतात.

उदाहरण घेऊया. ताप आलेलं दहा किलो वजनाचं मूल आहे. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम धरलं, तर एका वेळचा डोस १५० मिलिग्रॅम. आता कपाटात तीन बाटल्या आहेत. एका सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात पाच मिलिलिटरला २५०, आणि तिसरी थेंबांची बाटली, तिच्यात एका मिलिलिटरला १००. पहिल्या बाटलीतून सहा मिलिलिटर द्यावं लागेल, दुसरीतून तीन, आणि थेंबांमधून फक्त दीड. औषध तेच, डोस तोच, मापं तीन. आता आईने घरी थेंबांची बाटली नेली आणि सवयीने चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर पाजलं, तर पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं. तिपटीहून जास्त. परीक्षेत हा दोन ओळींचा प्रश्न असतो. तो सोडवताना दर वेळी बाटलीवरची ओळ आधी वाचायची सवय लावा. हीच सवय पुढे काउंटरवर उपयोगी पडते.

वयावरून डोस काढायचे नियमही असेच. चार वर्षांच्या मुलासाठी यंगच्या नियमाने (वय भागिले वय अधिक बारा) चार भागिले सोळा, म्हणजे मोठ्यांच्या डोसचा चौथा भाग. डिलिंगच्या नियमाने (वय भागिले वीस) चार भागिले वीस, म्हणजे पाचवा भाग. दोन नियम, दोन उत्तरं, आणि पर्यायांत दोन्ही दिलेली असतात. प्रश्नात नियमाचं नाव कोणतं आहे ते वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

इन्सुलिनचा हिशेब मी सगळ्यांकडून करून घेते, कारण तो गोव्यात फार लागतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं ते गोव्यात, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४ होता. म्हणजे इथे फार्मसीत उभं राहायचं तर इन्सुलिन रोज हाताळायचं. आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० युनिटवालं इन्सुलिन मिळतं आणि १०० युनिटवालंही. सिरिंजही दोन. चाळीसची लाल टोपीची, शंभरची नारिंगी. समजा रुग्णाला २० युनिट हवेत. ४० च्या इन्सुलिनमधून अर्धा मिलिलिटर, १०० च्या इन्सुलिनमधून ०.२ मिलिलिटर. आता कुणी १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात गेले ५० युनिट. साखर धाडकन उतरते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. ही आकडेमोड वहीत एकदा नीट मांडा, मग हातात दोन्ही सिरिंज घेऊन समजून घ्या. प्रशिक्षणाच्या ठिकाणी मागितल्या तर कुणी नाही म्हणत नाही.

अल्कोहोल पातळ करण्याचं गणितही येतं. ९० टक्क्यांपासून ७० टक्क्यांचं ५०० मिलिलिटर करायचं, तर ९० टक्केवालं सुमारे ३८९ मिलिलिटर घ्यायचं. पुढची गंमत अशी की उरलेलं १११ मिलिलिटर पाणी मोजून ओतायचं नसतं. अल्कोहोल आणि पाणी मिसळलं की एकूण आकारमान थोडं आटतं. म्हणून पाणी ५०० च्या खुणेपर्यंत भरायचं. पुस्तकात 'आवश्यक तेवढं' असं लिहिलेलं असतं ते यासाठी. हे कारण एकदा कळलं की पाठ करायची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट चिठ्ठी वाचण्याची. ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना), एसओएस (गरज पडली तर) ही अक्षरं आठवडाभरात तोंडपाठ होतात. पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे उजवा डोळा, आणि इतर चिठ्ठीत दिवसातून एकदा. चिठ्ठी कुणाची आहे ते आधी पाहायचं. आणि एक औषध मनावर कोरून ठेवा, मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा देतात. रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर ते दिसलं की आठवड्याचा वार कोणता ते रुग्णाला विचारायचं, आणि तो वार पाकिटावर ठळक लिहून द्यायचा. परीक्षेत यावर प्रश्न आला तर बरोबर उत्तर द्याल याची मला खात्री आहे, पण मला जास्त काळजी आहे ती त्या पाकिटाची.

कायद्याचा विषय मुलांना रुक्ष वाटतो. १९४० चा औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायदा, १९४५ चे नियम, १९४८ चा फार्मसी कायदा, १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा, सालांची नुसती रांग. मी सांगते तसं करून पाहा. प्रत्येक कलम एका गिऱ्हाइकाला जोडा. ओळखीचा शेजारी येतो आणि म्हणतो, मागच्या वेळचीच सेफिक्झिमची स्ट्रिप दे, चिठ्ठी घरी राहिली. सेफिक्झिम हे प्रतिजैविक, आणि ते परिशिष्ट एच-वनमध्ये, म्हणजे नियमांतल्या औषधांच्या एका यादीत आहे. हे परिशिष्ट मार्च २०१४ पासून लागू झालं, प्रतिजैविकांचा सुकाळ आवरण्यासाठी. चिठ्ठी हवीच. वेगळी नोंदवही हवी, तीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, संख्या, आणि ती तीन वर्षं जपून ठेवायची. परिशिष्ट एक्सच्या औषधांना चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक आपण दोन वर्षं ठेवायची. शेजाऱ्याला नाही म्हणायचा प्रसंग एकदा मनात उभा राहिला की हे आकडे विसरत नाहीत. आणि नाही म्हणायलाही शिकावंच लागतं. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं आपल्या गावांत फार जड जातं, मला ठाऊक आहे.

आता भाषेबद्दल थोडं, कारण हे मला कळकळीने सांगायचंय. आपली कितीतरी मुलं प्राथमिक शाळेत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पुढे सगळं इंग्रजी होतं. फार्माकॉलॉजीचं, म्हणजे औषधं शरीरात काय करतात त्याचं, जाड पुस्तक उघडलं की त्यांना वाटतं, आपण कमी पडतो. अजिबात नाही. एक उपाय सांगते. एक औषध वाचून झालं की पुस्तक मिटा, आणि समोर आजी बसली आहे असं समजून ते मोठ्याने मराठीत समजावून सांगा. घरात खरीच आजी असेल तर उत्तमच. "हें वखद जेवचे पयलीं काय जेवले उपरांत?" (हे औषध जेवणाआधी की जेवणानंतर?) असं काउंटरवर कुणी कोंकणीतून विचारलं, तर त्याच बोलीत उत्तर देता आलं पाहिजे. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्याला लेप्टोसाठी, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी, डॉक्सिसायक्लिन लिहून दिलेलं असतं. त्याला सांगायचं, दुधाबरोबर घेऊ नका, ॲसिडिटीच्या किंवा लोहाच्या गोळीबरोबर नको, पेलाभर पाण्याने घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. तुम्ही हे सांगू शकलात, तर दुधातल्या कॅल्शियमशी बांधलं गेल्याने औषध कमी शोषलं जातं, हा इंग्रजी पर्याय तुम्हाला आपोआप ओळखता येतो. मेट्रोनिडाझोल घेणाऱ्याला फेणी बंद ठेवायला सांगायचं, पुस्तकात त्याचं कारण डायसल्फिरामसारखी प्रतिक्रिया, म्हणजे दारूबरोबर मळमळ, उलटी, धडधड, असं दिलेलं असतं. ॲस्पिरिनच्या उघड्या डबीला आपल्या दमट हवेत व्हिनेगरसारखा वास का येतो, तेही आजीला सांगून पाहा. ओलाव्याने ॲस्पिरिन फुटतं आणि ॲसिटिक आम्ल सुटतं.

परदेशी जायचा विचार करणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे फार्मसी टेक्निशियन, म्हणजे फार्मासिस्टच्या हाताखाली काम करणारा, हे वेगळं पद असतं. ब्रिटनमध्ये त्यांची नोंदणी २०११ पासून सक्तीची आहे. अमेरिकेत टेक्निशियनांना प्रमाणपत्र देणाऱ्या पीटीसीबी या मंडळाच्या परीक्षेत ९० प्रश्न असतात, त्यातले ८० गुणांना धरतात, वेळ एक तास पन्नास मिनिटं, आणि साधारण पाव भाग रुग्णाच्या सुरक्षिततेवरचा. कुठेही गेलात तरी वर सांगितलेले हिशेब तेच राहतात.

घरच्यांना एक विनंती. गणेशचवथीच्या दिवसांत माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची सजावट), पाहुणे, आरत्या सगळं असतं. परीक्षा जवळ असेल तर मुलीलाही तेवढीच मोकळीक द्या जेवढी मुलाला देता. तिच्या अभ्यासाची वेळ स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

जाता जाता एक गणित देते. डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिन लिहिलंय, २५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाच दिवस. तुमच्याकडे कोरड्या पावडरीच्या बाटल्या आहेत, पाणी घातल्यावर प्रत्येकी ६० मिलिलिटर होणाऱ्या, पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमवाल्या. एका वेळी किती मिलिलिटर? किती बाटल्या द्याल? पाणी कसलं, आणि कुठवर भरायला सांगाल? आणि सगळ्या बाटल्यांत पहिल्याच दिवशी पाणी घालायचं का?

नमस्कार.