रात्री दोनला वीज नसेल तेव्हा

मंडळी, रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, कुठेही बघा. पतसंस्थेत किंवा आंबा कॅनिंगच्या कारखान्यात बहुतेक एकच सर्व्हर असतो आणि त्याच्याकडे बघणारा माणूसही एकच. रोजची कामं आपोआप व्हायला हवीत, हे कुणाला पटवावं लागत नाही. पण कोकणात वीज जाणार, हे आधी धरायचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती.

बॅकअपचंच बघू. क्रॉनमध्ये, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, रात्री दोनची वेळ घातली आणि दोनला मशीन बंद असलं, की ते काम बुडालं. वीज आल्यावर क्रॉन मागचं काही करत नाही. लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये वेळ ठरवणाऱ्या ‘ऑनकॅलेंडर’सोबत ‘पर्सिस्टंट’ला ‘ट्रू’ लिहिलं, की चुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर एकदा होतं. मात्र असे पाच टायमर असले तर पाचही एकदम उठतात. ‘रँडमाइज्डडिलेसेक’ला १५ मिनिटं द्या, म्हणजे प्रत्येक काम थोडं वेगवेगळ्या वेळी सुरू होईल.

मशीन स्वतःहून सुरू होईल, हेही गृहीत धरू नका. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, वीज परतल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती ‘लास्ट स्टेट’वर असेल तर वीज जाताना शिस्तीत बंद केलेलं मशीन बंदच राहतं. ‘पॉवर ऑन’ ठेवा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर घड्याळ मागे जातं, मग सुरक्षित जोडणीची सर्टिफिकेटं ‘अजून लागू नाहीत’ म्हणून नाकारली जातात. सेल बदला, नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा क्रोनी चालू ठेवा.

आता किल्ली. आपोआप चालणाऱ्या बॅकअपची एसएसएच किल्ली, म्हणजे दुसऱ्या मशीनमध्ये शिरायची फाइल, सहसा पासफ्रेजशिवाय (तिच्यावरच्या पासवर्डशिवाय) असते, म्हणजे सर्व्हर ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती तीही गेली. त्या किल्लीने एकच काम व्हावं. बॅकअप ठेवणाऱ्या मशीनवर ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलमध्ये त्या किल्लीच्या ओळीच्या सुरुवातीला ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कमांड’ लिहा. कमांडमध्ये बोर्ग या बॅकअप प्रोग्रामचं ‘बोर्ग सर्व्ह’, ठरावीक फोल्डर आणि ‘अपेंड-ओन्ली’ (फक्त भर घालता येईल असं). मग घुसखोराला शेल, म्हणजे हव्या त्या कमांड चालवायची जागा, मिळत नाही. बोर्गच्या १.x आवृत्त्यांत त्याने जुने बॅकअप पुसले तरी डेटा लगेच नाहीसा होत नाही. पण नंतर आपणच पूर्ण हक्काच्या किल्लीने न बघता साफसफाई चालवली, तर तो खरोखर जातो. आधी यादी तपासायची, मगच जुनं काढायचं. एवढं एक मनावर घ्या, कारण इथे चूक झाली तर दुरुस्तीला काही उरत नाही.

पासवर्डने लॉगिन बंद करताना उबंटू या लिनक्सवर एक फसगत होते. एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिलं, तरी ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ फोल्डरमधल्या क्लाउड-इनिटच्या (पहिल्यांदा सर्व्हर सेट करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये ‘येस’ असेल तर तेच चालतं. ती आधी वाचली जाते आणि पहिली किंमत टिकते. ‘एसएसएचडी’ला मोठा ‘टी’ देऊन प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंग बघा. चालू सेशन बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता आलं की मगच. सर्व्हर खेडला आणि तुम्ही सावंतवाडीला असाल, तर ऐन पावसात महामार्गावरून जाणं परवडत नाही.

बिघाडाची सूचना त्याच सर्व्हरकडून मागू नका, बंद मशीन काही कळवत नाही. बॅकअपच्या मशीननेच बघावं: शेवटचा बॅकअप २६ तासांहून जुना असेल तर मेसेज. महिन्यातून एकदा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर उतरवून कालच्या नोंदी त्यात सापडतात का, ते पाहा.