पत्रक निघालं, पण सापडेना

मंडळी, विषय दिलाय ‘प्रसिद्धीपत्रक आणि गुगलवरचा शोध’. शीर्षक कसं द्यावं, लिंका कुठे द्याव्यात, सगळं सांगतो. पण आधी फॉन्ट. हसू नका, बरीच पत्रकं तिथेच बुडतात.

समजा, गुरुवारी पाणी बंद आहे. पत्रक कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालंय, पडद्यावर ‘पाणी’ स्वच्छ दिसतंय. पण संगणकात साठलंय काय? रोमन आय, के, टिंब, के, एच! कृतिदेव म्हणजे त्यावर चढवलेला देवनागरी मुखवटा, तोही फक्त आपल्या डोळ्यांसाठी. शोधयंत्राला आय-के-टिंब मिळतं, आणि पाणी शोधणारा ते कशाला टाइप करेल? म्हणून युनिकोडमध्ये टाइप करा, तिथे प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो, ‘पाणी’ हे ‘पाणी’ म्हणूनच साठतं. त्याची पहिली आवृत्तीसुद्धा १९९१ सालची आहे! हो, जुन्या फॉन्टांवर पानं लावणारे पेजमेकरवाले समोरच बसलेत, दिसतायत मला.

मग कुणीतरी तोडगा काढतं: प्रिंट काढा, सही-शिक्का मारा, स्कॅन करून चढवा. म्हणजे मजकुराचा फोटो! गुगल स्कॅनमधली अक्षरं ओळखू पाहतं, पण ओळींवरच गोल शिक्का, कागद तिरका, मग जोडाक्षरांचे हाल. युनिकोडमधून काढलेली पीडीएफही बेभरवशाची. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. तिथे जे उमटेल, साधारण तेच शोधयंत्राच्या हाती लागतं. म्हणून मजकूर थेट पानावर, पीडीएफ खाली जोडपत्र म्हणून.

आणखी एक खोडी. ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. दिसायला जुळे, पण साध्या ‘फाइंड’ला दोन वेगळे शब्द वाटू शकतात. कार्यालयात सगळ्यांचा कळफलक एकच ठेवा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तर मूळ विषय, पळत पळत.

‘जलवितरण व्यवस्थेतील तांत्रिक कामास्तव आवाहन’ असं कुणी शोधत नाही. लोक विचारतात, पाणी कधी येणार? म्हणून ‘गुरुवारी कोथरूड, कर्वेनगरमध्ये पाणी बंद’. ‘शहराचा पश्चिम भाग’ नको, वस्त्यांची नावं लिहा. ‘उद्या’ नको, पूर्ण तारीख टाका. मान्यवरांची नावं चौथ्या परिच्छेदात. रुसले तर समजूत काढा.

पानाचा पत्ता रोमनमध्ये, आटोपशीर. देवनागरी पत्ता कॉपी केला की बहुतेकदा एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. ‘पाणीपुरवठा’ एकटाच नव्वद खातो.

मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडात दडवलेले शोधशब्द, भरत बसू नका, क्रमवारीत ते धरत नाही हे गुगलने २००९मध्येच सांगितलंय. तेच पत्रक पन्नास पोर्टलांवर टाकून ठरावीक शब्दांवर लिंका पेरणं, हे २०१३पासून गुगलच्या लेखी गैर आहे. पैसे देऊन छापून आणलंत, तर लिंकच्या कोडात ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण लावायला सांगा, म्हणजे ती विकतची आहे हे गुगलला कळतं. आधी स्वतःच्या संकेतस्थळावर, मग वृत्तपत्रांना. काम लांबलं तर नवं पान काढू नका, त्याच पानावर वर सुधारणा, वेळेसकट.

व्हॉट्सॲपचं विचारताय? फोटो खुशाल फिरवा, खाली पानाची लिंक तेवढी टाका. माइक घ्या, पुढचे वक्ते उठून उभे राहिलेत.