ॲपेक : सक्तीविना सहकार्य

(दृश्य : सोल शहर, हिवाळा. जुनं चित्रण.)

३१ जानेवारी १९८९. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बॉब हॉक सोलमध्ये बोलताना आशिया-पॅसिफिकसाठी आर्थिक सहकार्याचं व्यासपीठ सुचवतात. अमेरिका-कॅनडा मुक्त व्यापार करार याच महिन्यात लागू झालाय, युरोप एकसंध बाजारपेठेच्या तयारीत आहे, आणि जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींची ‘उरुग्वे फेरी’ शेतीच्या प्रश्नावर अडली आहे. निर्यातीवर उभ्या असलेल्या पूर्व आशियाला बाजारपेठांची दारं मिटण्याची धास्ती वाटते. नोव्हेंबरात कॅनबेरात बारा देशांचे मंत्री एकत्र बसतात आणि ॲपेकला, म्हणजे आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य मंचाला, सुरुवात होते.

१९९१मध्ये चीन, हाँगकाँग आणि तैवान एकदमच आत आले. चीन तैवानला देश मानत नाही, मग दोघांना एका टेबलाशी बसवायचं कसं? त्यावरचा तोडगा शब्दांत सापडला. ॲपेकमध्ये सदस्याला देश न म्हणता ‘अर्थव्यवस्था’ म्हणतात, आणि तैवानच्या पाटीवर ‘चायनीज तैपेई’ असतं. तैवानचे राष्ट्राध्यक्ष नेत्यांच्या बैठकीला स्वतः न जाता दूत पाठवतात.

नेत्यांची पहिली बैठक १९९३मध्ये सिएटलजवळच्या ब्लेक बेटावर झाली. पुढच्याच वर्षी इंडोनेशियातल्या बोगोरमध्ये उद्दिष्ट ठरलं : खुला व्यापार आणि गुंतवणूक, विकसितांनी २०१०पर्यंत, विकसनशीलांनी २०२०पर्यंत. यासाठी प्रत्येकाने आपापला कृती आराखडा मांडायचा. त्यात आयातशुल्क, सेवा, गुंतवणूक, सीमाशुल्काची कार्यपद्धती, असं एकेक प्रकरण. बाकीच्यांनी तो तपासायचा. मात्र शब्द पाळला नाही तर दंड नाही, दाद मागायला लवादही नाही.

(दृश्य : मासळी बाजार, लाकडाच्या वखारी.)

या पद्धतीची मर्यादा १९९८मध्ये क्वालालंपूरला उघडी पडली. नऊ क्षेत्रांतलं शुल्क झटपट उतरवायचा बेत होता. जपानने मासळी आणि वनोत्पादनांना नकार दिला. जागतिक वाटाघाटींत मासळीवर सूट दिली, तर दुसऱ्या एखाद्या मालावर सूट पदरात पाडून घेता येते. इथे अशी देवघेवच नव्हती. घरच्या मच्छीमारांचा रोष ओढवून जपानला बदल्यात काय मिळणार होतं? शेवटी शुल्काचा तो प्रश्न जागतिक व्यापार संघटनेकडे सोपवला गेला.

त्याच वर्षी पेरू, रशिया आणि व्हिएतनाम आले, सदस्य एकवीस झाले आणि नव्यांना दार बंद झालं. भारताने १९९१मध्येच इच्छा कळवली होती. तो आजही बाहेर आहे.

२०१२मध्ये रशियातल्या व्लादिवोस्तोकला मात्र जमलं, कारण मागणी बेताची होती : पर्यावरणपूरक ५४ वस्तूंवरचं शुल्क २०१५अखेर ५ टक्के किंवा त्याहून खाली. खरी मेहनत यादी करण्यात होती. सीमाशुल्कासाठी मालाला दिलेले कोड जगभर सहा अंकांपर्यंतच सारखे असतात. पुढचे अंक ज्याचे त्याचे. सौर पॅनेलच्या ८५४१.४० या तेव्हाच्या कोडमध्ये एलईडीही बसत होते. त्यामुळे सवलत सगळ्या कोडला द्यायची की त्यातल्या ठरावीक मालाला, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहावं लागतं. नाहीतर यादीत नाव असूनही माल बंदरावर अडतो.

२०१८मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्स्बीला अमेरिका आणि चीन यांच्यातल्या वादामुळे नेत्यांचं संयुक्त घोषणापत्रच निघालं नाही. निर्णय एकमताने होतात, तेव्हा एकाचाही नकार पुरतो.

(दृश्य : विमानतळ, स्वतंत्र रांग.)

तरीही १९९७मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स या तिघांनी सुरू केलेलं व्यावसायिक प्रवास कार्ड टिकलं आणि पसरलं. कामानिमित्त जाणाऱ्यांना त्यावर वेगळ्या व्हिसाविना प्रवेश मिळतो. अर्ज आपल्याच सरकारकडे करायचा. ते छाननी करून बाकीच्यांकडे पाठवतं, आणि प्रत्येक जण आपापली मंजुरी देतो. उशीर होतो तो इथेच. छापील कार्डाच्या मागे मंजुरी दिलेल्यांचीच नावं असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी ती बाजू वाचायची. अमेरिका आणि कॅनडा यांच्या बाबतीत तर व्हिसाची अट कार्डामुळे सुटत नाही; तिथे फक्त वेगळी रांग मिळते.